अप म्हणजे मुंबई

त्या घराचा जिना एका वेळी एकाच माणसासाठी होता. तसा तो चांगला रुंद होता. भाजीची पिशवी घेऊन उतरणारी मी आणि बादली घेऊन चढणारं कुणी, दोघं सहज मावलो असतो. पण घरमालकांचा नियम होता. उतरण्याआधी वरच्या पायरीवर उभं राहून विचारायचं, "लाइन क्लिअर?" खालून "लाइन क्लिअर" असं उत्तर आलं की पाऊल टाकायचं. घरात कुणी नसलं तर काय करायचं, हे मी पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"मंग थांबाचं," ते म्हणाले.

"किती वेळ?"

"उत्तर येईस्तोर."

मी मलकापुरातल्या त्या घराच्या वरच्या मजल्यावर आईबरोबर तीन वर्षं भाड्याने राहिले. मी यादीवर चालणारी बाई आहे. सकाळी यादी करते, संध्याकाळी त्यातल्या ओळी खोडते, आणि खोडलेल्या ओळी बघून मला झोप लागते. या माणसाबद्दल न समजलेल्या गोष्टींचीही एक यादी मी केली होती. बाकी सगळ्या याद्या संपल्या, ही काही पुढे सरकली नाही.

ते रेल्वेत केबिनमन होते. पूर्वी स्टेशनच्या टोकाला उंचावर काचेच्या खिडक्यांची खोली असायची आणि तिच्यात लोखंडी दांड्यांची रांग. दांडा ओढला की दूरवर रुळाचा सांधा सरकायचा आणि गाडी या रुळावरून त्या रुळावर जायची. गाडी कोणत्या रुळावर घ्यायची हे स्टेशन मास्तर सांगणार आणि केबिनमन तेवढंच करणार. पुढे सगळं बटणांवर गेलं, केबिन बंद झाली, आणि त्यांची शेवटची काही वर्षं एका टेबलामागे गेली. त्या टेबलाबद्दल ते कधी बोलत नसत. गल्लीत त्यांना सगळे केबिनवालेच म्हणत. मी काका म्हणायचे.

मी पुण्यातून आले ती आईसाठी. आईची उजवी बाजू गेली होती. जीभही जड झाली होती, आणि तिला मलकापूर सोडायचं नव्हतं. ती पुण्याला आली असती तरी माझी तिथली खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टशिवाय. माझं काम रुग्णालयांची कागदपत्रं तपासण्याचं: कोणाला काय आजार होता, काय उपचार झाले, विम्याच्या अर्जात तेच लिहिलंय का. कंपनीने घरून काम करण्याची परवानगी दिली, पण पत्रात एक अट होती. काम कंपनीच्या व्हीपीएनमधूनच करायचं. म्हणजे माझ्या लॅपटॉपमधून निघालेला प्रत्येक कागद आधी एका बंद वाटेने कंपनीच्या सिंगापूरमधल्या मशीनपर्यंत जाणार आणि तिथून पुढे. वाटेत कुणाला तो दिसू नये म्हणून. तीन वेळा या वाटेबाहेरून लॉगिन झालं, तर परवानगी रद्द आणि पंधरा दिवसांत पुण्याला हजर. माझ्याकडे नोकरी ही एकच होती आणि आईही एकच.

इंटरनेटची तार सगळ्या घराला मिळून एक होती, ती खालच्या बैठकीत यायची. केबलवाल्याने येऊन व्हीपीएन तिथल्या राउटरवरच चढवला आणि सगळं घरच सिंगापूरला नेऊन ठेवलं. हे मला कळलं काकूंमुळे. संध्याकाळी त्यांनी मालिका लावली तर टीव्हीवर पाटी आली: हा कार्यक्रम तुमच्या देशात उपलब्ध नाही.

काकू जिन्याखाली आल्या. "ताई, आपल्या देशात नाई म्हंजे काय वं? मी काय देश सोडून गेली काय?"

काकांनी त्याच दुपारी सातबारा काढायचा प्रयत्न केला होता, तीही साइट उघडली नव्हती. बँकेने त्यांना मेसेज पाठवला होता की तुमचं खातं परदेशातून उघडलं जात आहे. काका तो मेसेज पुन्हापुन्हा वाचत होते. घाबरलेले नव्हते. खूश दिसत होते. का, ते मला तेव्हाही कळलं नाही.

केबलवाला परत आला आणि त्याने सगळं काढून टाकलं. काकूंची मालिका मलकापुरात परत आली, पण मला हे कुणी सांगितलं नाही. दुसऱ्या सकाळी मी साध्या वाटेनेच लॉगिन केलं. पहिली चूक. त्याने पुन्हा व्हीपीएन चढवला. मग एका दुपारी वीज गेली, आली, राउटर बंद होऊन सुरू झाला आणि व्हीपीएन न घेताच उठला. दुसरी चूक. पुण्याच्या सुपरवायझर मॅडमनी फोनवर फक्त एवढंच विचारलं, "तिसरी होणार नाही ना?"

मी वरच्या पायरीवर बसले होते. खालून काकांनी विचारलं, "काऊन बसल्या?"

मी सगळं सांगितलं. ते ऐकत होते आणि बोटं मोजत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजे लाइन एक, गाड्या सहा. एक गाडी बोगद्यातून जाली पायजे, पाच साध्या लाइनीनं. मंग त्यानं सगळ्याच गाड्या बोगद्यात काऊन घातल्या?"

"त्याला तेवढंच येतं, काका."

"त्याले काटा नाई बसवता येत," ते म्हणाले. काटा म्हणजे रुळाचा सांधा. मग ते आत गेले आणि नऊ दिवस मला दिसले नाहीत.

काकूंकडून कळत होतं. ते मोबाइलवर व्हिडिओ बघत होते, हिंदीतले, इंग्रजीतले, एक तर कोणत्या भाषेतला होता देव जाणे. वही भरत होते. त्यांनी घरातल्या प्रत्येक यंत्राला क्रमांक दिला: माझा लॅपटॉप एक, टीव्ही दोन, त्यांचा मोबाइल तीन, काकूंचा चार, माझा पाच, आणि सहा क्रमांकाचं काय होतं ते मला कधीच कळलं नाही. दहाव्या दिवशी त्यांनी मला खाली बोलावून राउटरची सेटिंग दाखवली. एक नंबरची गाडी बोगद्याने जाईल, बाकी सगळ्या साध्या वाटेने. मी टीव्ही बघितला, मालिका चालू होती. मी लॅपटॉप बघितला, तो सिंगापुरात होता. पुण्याच्या कंपनीत हे काम करायला दोन माणसांची टीम असते.

"आणि व्हीपीएन बंद पडला तर?" मी विचारलं. माझ्या यादीत हा प्रश्न पहिला होता.

"तर गाडी उभी." ते म्हणाले. "साध्या लाइनीवर नाई येणार. सिग्नलची तार तुटली तर सिग्नल हिरवा होते का? लाल होते. आपोआप होते. कोनाले विचारत नाई."

मला मनापासून बरं वाटलं. तीन वर्षांत मी ज्या काही गोष्टी नीट समजून घेतल्या, त्यातली ही एक. दुसरी गोष्ट मात्र मी विचारली नाही. वहीत त्यांनी दोन वाटांना नावं दिली होती, अप आणि डाऊन. मला वाटलं, रेल्वेवाले आहेत, देतील नावं. कोणती वाट अप आणि कोणती डाऊन, हे विचारणं माझ्या यादीत नव्हतं.

पण हे झालं म्हणून काम संपलं नाही. कारण आता खालची बैठक केबिन झाली होती, आणि केबिनमध्ये तोंडी हुकमावर काही हलत नाही.

रेल्वेत म्हणे स्टेशन मास्तरकडे छापील आकड्यांचा एक कागद असतो. दोन आकडी नंबर, कसेही विखुरलेले. मास्तर फोनवर केबिनला काही सांगतो तेव्हा त्या कागदावरचा पुढचा नंबर देतो आणि आपल्या बाजूने खोडतो. केबिनमन तो रजिस्टरमध्ये लिहितो. मग उद्या कुणी म्हणू शकत नाही की मी सांगितलंच नव्हतं, आणि कुणी म्हणू शकत नाही की मला तसं ऐकू आलं. याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. काकांनी मला हाताने लिहिलेला असा एक कागद दिला, पुठ्ठ्यावर चिकटवून. राउटरमध्ये काहीही बदलायचं तर मी नंबर द्यायचा.

"पण काका, मी वर, तुम्ही खाली. माझा आवाज तुम्ही ओळखता."

"आवाजावर गाडी सोडत नाई ताई मी."

पाण्याच्या मोटारीसाठी काकूंकडेही असा कागद होता. त्यांनी त्यावर पोळपाटाखालचं पीठ झाडलं होतं. एकदा टाकी भरून पाणी अंगणात वाहत होतं, मी वरून बघत होते. काका मोटारीच्या बटणापाशीच उभे होते आणि काकू मागच्या दारातून ओरडत होत्या, "बंद करा ना वो! बंद करा!"

"नंबर सांग."

"पानी रस्त्यावर चाललं अन् हे नंबर मागून राह्यले! तुमच्या डोक्शात हाय का काही?"

"नंबर सांग, करतो बंद."

काकूंनी स्वतः येऊन त्यांच्या हाताखालून बटण दाबलं. काका बाजूला झाले आणि वहीत लिहिलं. मी नंतर ते पान बघितलं. लिहिलं होतं: मोटार बंद, केबिनच्या परवानगीशिवाय, पत्नीकडून.

हा माणूस चेष्टा करतो की खरंच तसा आहे, हे मला ठरवता येत नसे. चेष्टा म्हणावी तर तोंडावर हसू नाही. खरंच म्हणावं तर इतका हुशार माणूस भरलेल्या टाकीपुढे नंबरासाठी थांबतो, याचा मेळ लागत नाही. मी एकदा सरळ विचारलं, की काका, हे एवढं कशासाठी? त्यांनी एक प्रसंग सांगितला. फोन आला, आवाज मास्तरचाच होता, गेट उघड म्हणाला, नंबर दिला नाही, यांनी उघडलं नाही, आणि दोन मिनिटांत मालगाडी गेली. काही महिन्यांनी तोच प्रसंग पुन्हा सांगितला, त्यात मालगाडीऐवजी पॅसेंजर होती आणि गेटपाशी बैलगाडी. तिसऱ्यांदा सांगताना "अन् मंग म्या," एवढं म्हणाले आणि उठून आत गेले. मी वाट बघत बसले. काकूंनी चहा आणून ठेवला आणि म्हणाल्या, "थे आता नाई येत." गेट त्यांनी उघडलं होतं की नव्हतं, हे मला आजही माहीत नाही.

इतर बाबतीत ते साधे होते. पांढरा शर्ट, घडीची पँट, घरातही पायात बूट. जेवताना बोलायचे नाहीत. कुणी आजारी असलं की औषधाचं नाव विचारायचे नाहीत, वेळ विचारायचे. "किती वाजता देता?" संग्रामपूरला पुतण्याच्या लग्नाला गेले तेव्हा मांडवात वधूकडच्या आणि वराकडच्या लोकांना एकाच दारातून ये-जा करताना बघून ते अस्वस्थ झाले आणि दोन तास दारात उभं राहून एकेका बाजूला सोडत राहिले. काकू म्हणाल्या, "लोकायले वाटलं हाटेलवाल्यानं मानूस ठेवला." जेवण वेळेत उरकलं, हे मात्र दोन्हीकडच्यांनी मान्य केलं.

आता तो दिवस.

पावसाळा संपत आला होता. महिनाअखेर होती, माझ्यासमोर छत्तीस अर्ज उघडे होते आणि कानावर हेडफोन. बाराच्या सुमारास लॅपटॉप थांबला. काहीच जाईना, काहीच येईना. म्हणजे कुठेतरी बोगदा बंद पडला होता आणि काकांचा सिग्नल लाल होता. सगळं बरोबर चाललं होतं. तेवढ्यात मॅडमचा फोन आला.

"तुमचा व्हीपीएन डाऊन दिसतोय. इकडे काही मिनिटं गडबड होती, आता ठीक आहे. तुमच्या बाजूने अप करून घ्या लगेच, क्लायंट बघतोय."

मी जिन्यावर गेले. "काका! व्हीपीएन डाऊन आहे. अप करा!"

खाली वहीची पानं उलटल्याचा आवाज. मग, "डाऊनवर हाय, बरोबर हाय."

"अहो बरोबर काय? डाऊन आहे म्हणून तर सांगते! अप करा!"

"एक नंबरची गाडी अप कराची?"

"हो!"

"अप म्हंजे अपच ना, ताई?"

"अपच हो काका, अप! लवकर करा!"

"नंबर सांगा."

मी चरफडत आत गेले, पुठ्ठा शोधला, नंबर ओरडले. चौसष्ट. खालून त्यांनी तो परत म्हटला. चौसष्ट. दोन मिनिटांत लॅपटॉप सुरू झाला. मी लॉगिन केलं, पहिला अर्ज पुढे पाठवला, आणि पडदा लाल झाला. तुमचं खातं थांबवण्यात आलं आहे. बाहेरून लॉगिन. तिसऱ्यांदा.

लाइन क्लिअर न विचारता मी जिना उतरले. काका राउटरपाशी वही घेऊन बसले होते.

"काका, तुम्ही काय केलं?"

"अप केली."

"मग बाहेरून कशी गेली?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "अप म्हंजे मुंबई," ते म्हणाले. "आपल्याकडून मुंबईकडं जाते थे अप. साधी लाइन मुंबईवरून जाते, तिचं नाव अप. बोगदा डाऊन. तुमी म्हनल्या बोगद्यातून काढा, अपवर घ्या. म्या दोनदा विचारलं."

मी खाली बसले. जगात सगळीकडे डाऊन म्हणजे बंद आणि अप म्हणजे चालू. मलकापुरात एका घरात डाऊन म्हणजे डाऊन लाइन होती. यात मूर्ख कोण, हे ठरवण्याइतकं डोकं त्या वेळी चालत नव्हतं. पंधरा दिवस एवढंच डोक्यात होतं. आईला उचलून तिसऱ्या मजल्यावर कोण नेणार?

कंपनीने चौकशी ठेवली, व्हिडिओवर. मॅडम आणि सुरक्षा विभागाचे एक साहेब. मी माझे मुद्दे लिहून काढले होते, अकरा होते. बैठकीच्या दहा मिनिटं आधी खालून आवाज आला, "लाइन क्लिअर?" मी हो म्हटलं. काका इस्त्रीचा शर्ट घालून, वही काखेत धरून वर आले आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले.

"काका, ही कंपनीची आतली बैठक आहे."

"गाडी म्या घेतली. चौकशीत केबिनमन नसते का?"

साहेबांनी विचारलं, "हे कोण?" मी काही सांगायच्या आत काकांनी वही उघडून वाचायला सुरुवात केली. रजिस्टर वाचताना त्यांची भाषा बदलायची.

"बारा वाजून सात मिनिटे. बोगदा बंद. गाडी क्रमांक एक आपोआप उभी. बारा दहा. वरून तोंडी हुकूम, अप करा. खात्री विचारली. उत्तर, अपच. प्रायव्हेट नंबर चौसष्ट, परत म्हणून दाखवला. बारा बारा. गाडी अप लाइनवर घेतली."

साहेब पुढे झुकले. "एक मिनिट. अप लाइन म्हणजे?"

"मुंबई."

"मुंबई?"

"हाव. अन् डाऊन म्हंजे नागपूर."

"पण तुमचा व्हीपीएन तर सिंगापूरला जातो."

"नागपूरच्या पुढंच हाय ना सिंगापूर," काका म्हणाले. "पूर्वेले. म्हनून तर डाऊन."

मॅडमनी तोंडावर हात धरला. साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं. मला वाटलं संपलं. मग त्यांनी विचारलं, "बोगदा बंद पडल्यावर लॅपटॉप आपोआप थांबला, हे कुणी बसवलं?"

"म्या."

"कुठे शिकलात?"

काकांना हा प्रश्न कळला नाही असं दिसलं. "तार तुटली की लाल," ते म्हणाले. "यात शिकाचं काय?"

"म्हणजे चूक यांची," साहेब माझ्याबद्दल म्हणाले. "हुकूम त्यांनी दिला. नंबरही त्यांनी दिला."

हेच खरं होतं आणि माझ्या अकरा मुद्द्यांत याला उत्तर नव्हतं. प्रायव्हेट नंबर देणारा जबाबदार, हे काकांनीच मला शंभरदा सांगितलं होतं. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी वहीचं पान उलटलं. पुढचं पान कोरं होतं, पण ते वाचल्यासारखं बोलले.

"नंबर त्याईनं देल्ला. पन लाइनीचं नाव म्या ठेवलं. ज्या नावाचे दोन अर्थ होतेत, थे नाव केबिनीत ठेवू नाई. चूक केबिनीची हाय. लिहून घ्या."

"तुमच्या नियमाप्रमाणे तर..." साहेब म्हणाले.

"लिहून घ्या," काका म्हणाले, आणि वही बंद केली.

निकाल चार दिवसांनी येणार होता. ते चार दिवस मी दोन याद्या समोर ठेवून बसले. एकीत राहायचं झालं तर काय करायचं, दुसरीत जायचं झालं तर. दुसरी यादी तीन पानी झाली: आईची खाट, खुर्ची, फिजिओथेरपी करणारा माणूस, जिने चढायला स्ट्रेचर, आईला कसं सांगायचं. शेवटच्या ओळीपाशी मी दर वेळी थांबायचे. पहिली यादी कोरीच राहिली. काका त्या दिवसांत वर आले नाहीत. मी जिन्यावर गेले की उत्तर तेवढं यायचं.

चौथ्या दिवशी पत्र आलं. परवानगी कायम. लॅपटॉप वेळेवर थांबला होता, पुढे गेलेला एकच अर्ज परत मागवता आला होता आणि कारणाची लेखी नोंद होती, म्हणून. पण दोन अटी होत्या. माझ्यासाठी स्वतंत्र इंटरनेट जोडणी घ्यायची, आणि त्या जोडणीला माझ्याशिवाय दुसऱ्या कुणीही हात लावायचा नाही.

आईला सांगितलं. तिने डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. मग मी काकांना कसं सांगावं याचे शब्द जुळवत बसले. ते जुळण्याआधीच दुसऱ्या दिवशी केबलवाला तार घेऊन आला. मी गॅलरीतून बघितलं, तर खाली शिडी काकांनी धरली होती.

"इकडून नको, थितून घे," ते त्याला सांगत होते. "इकडं पावसाचं पानी येते. अन् छेद खालून वर पाड, वरून खाली नको. पानी तारीवरून आत जाते."

त्याने तसंच केलं. संध्याकाळपर्यंत माझी लाइन स्वतंत्र झाली. राउटर नवा, वर माझ्या टेबलावर. मी खाली जाऊन "काका," एवढंच म्हणाले. त्यांनी हातानेच बस म्हटलं. वही पुढे होती. चौकटी आखलेल्या, डावीकडे वस्तू, मध्ये चार्ज दिला, उजवीकडे चार्ज घेतला. माणूस बदलला की केबिनमध्ये असाच चार्ज देतात म्हणे, एकेक वस्तू वाचून.

"वाचा अन् सही करा," ते म्हणाले.

यादी चांगली होती. मी केली असती तशीच. गाडी क्रमांक एक. तिचा पत्ता. बोगद्याची किल्ली, म्हणजे पासवर्ड, बंद पाकिटात. वीज गेल्यावर करावयाच्या तपासण्या, तीन. लाल सिग्नलची सेटिंग, कुठे आहे आणि का काढू नये. मी प्रत्येक ओळ वाचून उजवीकडे सही करत गेले. सातवी ओळ होती: वरची आजी, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा.

आजी म्हणजे माझी आई, पण ती या यादीत का, मला कळेना. "ही ओळ काय आहे, काका?"

ते राउटरकडे बघत होते, जिथे आता माझी गाडी नव्हती.

"तुमच्या कानाले थे लावलेलं राह्यते," ते म्हणाले. "आजी खाटेवर वाटी वाजवते, तुमाले ऐकू येत नाई. खाली येते ऐकू, खाट बरोबर आमच्या डोक्यावर हाय. एकदा वाजली म्हंजे पानी. दोनदा म्हंजे कूस बदलाची. मंग मी तुमच्या काकूले वर पाठवतो."

"केव्हापासून?"

"तुमी आल्या तवापासून."

काकू आईपाशी गप्पा मारायला येतात असं मला वाटत होतं. माझ्या यादीत आईच्या नावापुढे दहा ते एक आणि दोन ते सहा या वेळांत एकच शब्द होता, झोप. मी तो रोज खोडत होते.

मी पेन खाली ठेवलं. "एवढी ओळ खोडा, काका."

"रजिस्टरात खोडाखोड चालत नाई."

"मग याचा चार्ज मी कसा घेऊ? मी तर तिथे बसून कामच करणार."

त्यांनी थोडा विचार केला. मग वही आपल्याकडे फिरवली, चष्मा लावला, आणि सातव्या ओळीपुढे सावकाश लिहिलं: चार्ज दिला नाही. आणि सहीसाठी वही माझ्यापुढे सरकवली.